पहिली भाड्याची खोली

नोकरीसाठी पुण्यात आलेली मुलं-मुली आधी कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत फक्त खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन, राहतात, मग कधीतरी स्वतंत्र खोली घेतात. करार बहुधा 11 महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा; नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी झाली का, हे जरूर विचारून घ्या.

करार कागदावर होतो; स्वतःची ओळख मात्र त्या खोलीतच होते. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. तेव्हा आपण कुकर लावतो, की उपाशीच झोपतो? एकट्यासाठी ताट वाढून घेतो, की पातेल्यातूनच खातो? ताप आला तरी शेजारचं दार वाजवायला आपण किती संकोचतो, हेही तिथेच कळतं. माझ्या मते तो संकोच आधी सोडावा. पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांशी ओळख करून घ्या आणि जादा किल्ली विश्वासातल्या माणसाकडे ठेवा.