हातावरचं पोट
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



रोजंदारीवरच्या एखाद्या माणसाला 'कसं काय चाललंय?' असं विचारा. 'आमचं काय, हातावरचं पोट!' असं उत्तर येतं. हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं, की त्यातला नेमकेपणा जाणवतच नाही. पोटाचं खरं नातं कणगीतल्या धान्याशी नाही, हाताला मिळणाऱ्या कामाशी आहे, हे मराठी माणसानं दोन शब्दांत सांगून ठेवलं आहे.

भूक म्हटली की आपल्याला भेगाळलेली जमीन आठवते. पण अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातलं सोनं' ही कथा पाहा. वारणेकाठचा धिप्पाड भीमा मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीत काम करतो. एक दिवस खाण बंद पडते. त्याला पावसानं दगा दिलेला नाही. अंगात ताकद आहे, घरी बायको-मुलगी आहे, फक्त काम नाही. मग तो स्मशानातली राख चाळू लागतो, प्रेतं उकरू लागतो. सोन्याच्या कणासाठी! अखेर एका प्रेताच्या जबड्यात बोटं अडकून तो ती कायमची गमावतो. आणि त्याच वेळी बातमी येते, की खाण पुन्हा सुरू होणार आहे. काम आलं, तेव्हा हात राहिला नाही.

अण्णा भाऊ १९६९ मध्ये गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी महाराष्ट्रात १९७२चा दुष्काळ पडला. ते वाटेगावचे, म्हणजे सांगली जिल्ह्यातले. त्याच जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याची कल्पना मांडली होती. दुष्काळात ठिकठिकाणी पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडण्याची कामं निघाली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. भूक ही दयेची नव्हे, हक्काची बाब आहे, हे त्यातून मान्य झालं. देशपातळीवर असा कायदा व्हायला २००५ साल उजाडलं.

त्या ५० लाखांत माझी आईही होती. मी तेव्हा आठ वर्षांचा. ती तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायची. रेशनवर मिलो मिळायची, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी आम्हा पोरांच्या घशाखाली उतरत नसे. कामावर मात्र सुकडी वाटत. ती गोड लागायची. आई ती पदराच्या गाठीत बांधून घरी आणायची आणि आमच्या हातावर ठेवून म्हणायची, 'मी खाल्ली तिथंच.' आम्ही विश्वास ठेवायचो. भुकेल्या पोराला आईवर विश्वास ठेवणं फार सोयीचं असतं.

पुष्कळ वर्षांनी, माझं बरं चालू लागल्यावर, मी तिला विचारलं, 'आई, त्या दिवसांत तू उपाशीच राहायचीस ना?'

ती हसली. म्हणाली, 'उपाशी कशाला रं? रोज हजेरी लागत हुती की!'

त्या उत्तरात तिचा अभिमान होता. कुणापुढं पदर पसरला नाही, घाम गाळून मिळवलं, एवढंच तिला सांगायचं होतं. पण तिनं माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. हजेरीपटावर तिचं नाव रोज लागलं. ती जेवली की नाही, याची नोंद मात्र कुठल्याच पटावर नव्हती. घरात शेवटी जेवणाऱ्या बाईची ती कधीच नसते.

म्हणून आता कुणी 'हातावरचं पोट' म्हणालं, की मी थबकतो. आमच्या घरी हात तिचे होते. पोटं आमची होती.