उंबरठ्याबाहेरचा कचरा



आम्ही शाळेत थोडे आणि संघटनेत फार शिकलो. तेव्हा साधेच बोलू.

जपानात शिकोकू बेटावर कामिकात्सू हे दीड हजारांहून कमी वस्तीचे डोंगरी गाव आहे. कचरा जाळणे-पुरणे थांबवायचे, असा संकल्प गावाने 2003 साली केला. तेथे कचऱ्याची गाडी दारोदार फिरत नाही. माणसे डबे-बाटल्या धुऊन केंद्रावर नेतात आणि चाळीसहून अधिक प्रकारांत स्वतः निवडतात. जर्मनीत 2003 पासून एकदाच वापरायच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते. पुष्कळ लोक रिकामी बाटली पेटीत न टाकता शेजारी ठेवतात; ती वेचणाऱ्या गरिबाला घाणीत हात घालावा लागू नये म्हणून.

आपल्याकडे घर लख्ख असते, पण उंबरठ्याबाहेर गेलेली घाण आपली नव्हे. हा नुसता आळस नव्हे. घाण उचलण्याचे काम आपण पिढ्यान्‌पिढ्या काही जातींच्या माथी मारले. म्हणून टाकण्याची लाज वाटत नाही, निवडण्याची वाटते.

पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. 2008 पासून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करू लागली. 2016 च्या नियमांनी घरातच वर्गीकरण बंधनकारक केले. पण कायदा डब्यापर्यंत पोचतो, मनापर्यंत नाही.

आम्हीही हक्कांची भाषणे करून घरी येत असू आणि फुटकी काच तशीच डब्यात टाकत असू. एके दिवशी दाराशी आलेल्या बाईंनी कापलेला तळहात दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून आम्ही काच कागदात गुंडाळतो. आपणही आजपासून एवढे कराच.