माघारी आलेला कळप



‘बायसन’ हा शब्द ऐकून कित्येकांच्या डोळ्यांपुढे दाजीपूरचे रान उभे राहिले असेल. पण आपला तो गवा. आम्ही बोलणार आहोत तो अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील, खांद्यावर वशिंड आणि मानेवर दाट आयाळ असलेला प्राणी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो कोट्यवधींनी होता. शतक सरता सरता हजारही उरला नाही. कातड्यांच्या व्यापारासाठी शिकाऱ्यांनी तो मारला, आगगाड्यांनी ती कातडी वाहिली. त्याच्यावर जगणाऱ्या आदिवासींचे अन्नच तुटले. मॉन्टानातील ब्लॅकफीट लोकांत १८८३-८४ च्या हिवाळ्यात शेकडो माणसे भुकेने मेली.

याच लोकांच्या मुलखातून १८७० च्या दशकात काही वासरे डोंगरापलीकडे फ्लॅटहेड खोऱ्यात नेली गेली. मिशेल पाब्लो आणि चार्ल्स अलार्ड यांनी पुढे त्यांचा वंश विकत घेऊन वाढविला. मग सरकारने आदिवासींची जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली केली, चराई संपली. पाब्लोने कळप अमेरिकेच्या सरकारला देऊ केला, पण पैसे मंजूर झाले नाहीत. १९०७ पासून तो कॅनडाने नेला. आणि गंमत (गंमत कसली!) अशी की, १९०८ साली त्याच फ्लॅटहेडची जमीन बायसनच्या रक्षणासाठी म्हणून आदिवासींच्या संमतीवाचून घेतली गेली! ती परत देण्याचा कायदा व्हायला २०२० उजाडले.

२०१६ च्या एप्रिलात कॅनडाच्या एल्क आयलंड उद्यानातून त्या जुन्या वंशाची ऐंशीहून अधिक वासरे ब्लॅकफीटांकडे परत आली. २०२३ च्या जूनमध्ये त्या कळपातील काही जनावरे चीफ माउंटनजवळ मोकळी सोडली गेली.

मोकळी म्हणजे किती मोकळी, हा खरा तंटा आहे. गुरेवाल्यांना ब्रुसेलोसिसचे भय आहे. या रोगाने गाई गाभ टाकतात. यलोस्टोनच्या बायसनना तो आहे, म्हणून कित्येक हिवाळ्यांत चाऱ्यासाठी उद्यानाबाहेर पडलेली शेकडो जनावरे मारली गेली. भय खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण हा रोग मुळात गुरांनीच तेथे आणला. शिवाय एल्क नावाच्या हरणांनाही तो आहे, त्यांच्यापासून गुरांना लागणही झालेली आहे, तरी एल्कला कोणी वेशीवर अडवीत नाही! बायसन वाढवायला तितकेसे कठीण नाही. कठीण आहे ते त्याला जमीन देणे, कारण तो गुरांचेच गवत खातो.

पाब्लोचा कळप कॅनडात न्यायला आगगाडी लागली होती. चीफ माउंटनपासून ती सरहद्द काही मैलांवर आहे. ही जनावरे एके दिवशी पायी पलीकडे गेली, तर त्यांना रानटी म्हणायचे की कुणाची चुकलेली गुरे, हे दोन्ही सरकारांना ठरवावे लागेल.