अहेरीच्या आसपास एक फेरफटका



सहलीचे नाव निघाले की आमच्याकडच्या शाळा वेरूळ-अजिंठ्याची नाहीतर ताडोब्याची वाट धरतात. जावे, जरूर जावे. पण प्राणहितेच्या घाटापासून दोन दिवसांच्या टापूत काय काय आहे, हे अहेरीच्या मुलाला ठाऊक नसावे ही गोष्ट मनाला बोचते. खरे सांगायचे तर चाळिशी उलटेपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हते. गेल्या हिवाळ्यात पाचसहा मुले घेऊन निघालो, तेव्हा कुठे डोळे उघडले.

तर आपण घाटावरूनच निघू. पलीकडच्या तीरावर तेलंगण. इकडे तेलुगू, गोंडी आणि मराठी एकाच वेळी कानांवर पडतात. याच नदीकाठी चिचगुंडीला 1858 च्या एप्रिलात बाबुराव शेडमाके यांच्या माणसांनी तारखात्याच्या छावणीवर हल्ला केला आणि दोन गोरे अधिकारी मारले. बाबुराव हे मोलमपल्लीचे जमीनदार. चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले, त्यांच्याकरवी बाबुराव पकडले गेले, आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय अवघे पंचवीस. शिक्षक मंडळी ही कथा सांगताना लक्ष्मीबाईंचा भाग हळूच गाळतात, असे मी पाहिले आहे. तो गाळू नये. मुलांना वाईट वाटेल, पण समजेलही.

अहेरीहून आलापल्ली अगदी जवळ. पुढे भामरागडच्या वाटेला जंगलाचा एक तुकडा न तोडता राखलेला आहे. त्याला सगळे ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणतात. 2014 साली तो राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ ठरला. तिथला साग बघायला मान इतकी मागे टाकावी लागते की डोईवरची टोपी पडते! आपल्या या भागातला साग दूरदूर जातो. 2023 साली बल्लारपूरच्या आगारातून तो अयोध्येच्या मंदिरासाठी वाजतगाजत गेला.

आता एक गंमत. कमलापूरला हत्ती आहेत, सरकारी हत्ती! पूर्वी ते जंगलातले ओंडके ओढीत. पुढे मोटारी आल्या नि हत्ती रिकामे झाले. तरी त्यांना दर थंडीत काही दिवस रीतसर सुटी मिळते आणि त्या दिवसांत माहूत जडीबुटीच्या काढ्याने त्यांचे पाय शेकतात. मास्तरांच्या पायांची अशी चौकशी कोणी करीत नाही, ते असो. 2022 साली हे हत्ती गुजरातेत हलवायचे घाटत होते. लोकांनी विरोध केला, आणि कमलापूरचे हत्ती कमलापूरलाच राहिले.

तिथून सिरोंचाकडे. या तालुक्यात पोचमपल्ली नावाचे लहानसे गाव आहे. 1958 ते 1961 च्या सुमारास तिथल्या मातीतून एका प्रचंड प्राण्याची शेकडो हाडे निघाली. कोटीकोटी वर्षांपूर्वीचा डायनोसॉर, लांबीला सुमारे चौदा मीटर. संशोधकांनी 1975 साली त्याचे नाव ‘बारापासॉरस टागोरी’ ठेवले. ‘बडा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि टागोर तर आपल्याला ठाऊकच आहेत. वडधमला जीवाश्म उद्यान आहे. दगड झालेले झाडाचे बुंधे तिथे जागच्या जागी पाहायला मिळतात.

मी हे सारे मोठ्या उत्साहाने सांगत होतो. एक मुलगी म्हणाली, “सर, मग तो प्राणी कुठे आहे?”

“त्याचा सांगाडा कलकत्त्याला आहे,” मी म्हणालो.

“आणि आपल्याकडे?”

मला उत्तर सुचेना. मी बुंध्याकडे बोट दाखवले. तिने तो हाताने चाचपून पाहिला, सालीच्या रेषा मोजू लागली. परतताना एका मुलाने दगडी लाकडाचा एक कपचा खिशात घातलेला दिसला. “घरी दाखवायला,” म्हणाला. मी त्याला मोटारीतून उतरवले, आणि आम्ही दोघे चालत जाऊन तो होता तिथे ठेवून आलो.