सोयाबीन विकतो, पण खातो का?

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतल्या कारकुनाने स्वयंपाकावर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. मी आहारतज्ज्ञ नाही, कला शाखेचा साधा पदवीधर आहे. पण रविवारी आमच्या घरी चूल माझ्याकडे असते आणि हिशेब ठेवण्याची सवय नोकरीने लावली आहे. तेव्हा स्वतः केले तेवढेच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यात चुलत भावाकडे गेलो होतो. ओसरीवर सोयाबीनची पोती रचलेली होती आणि ताटात मात्र अगदी पातळ वरण. वहिनी ओशाळून म्हणाल्या, "डाळ लई महाग झालीया भाऊजी." मी विचारले, "वहिनी, हे सोयाबीन तुम्ही खात नाही का?" त्या हसल्या. "ते मिलचं असतंय. खायचं नसतंय."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. सोयाबीनमध्ये शंभर भागांत अठरा-वीस भाग तेल असते आणि छत्तीस ते चाळीस भाग प्रथिने. तुरीच्या डाळीत प्रथिने बावीसच्या आसपास. मिलमध्ये तेल काढले जाते, ते बाटलीत भरून आपल्याकडे परत येते. उरलेली प्रथिनांची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, काही परदेशी जाते. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि तुरीचा ८,००० रुपये जाहीर झाला होता. (हमीभाव प्रत्यक्षात पदरात पडतो का, हे वहिनींनाच विचारावे.) म्हणजे जास्त प्रथिनांचे धान्य आपण स्वस्तात विकतो आणि कमी प्रथिनांचे महाग घेऊन खातो.

आपण ते का खात नाही? सरळ कारण आहे, वास. मीही एकदा डाळीसारखे शिजवून पाहिले. मुलीने एक घास घेतला आणि ताट बाजूला सारले. पुढे समजले की तो उग्र वास दाण्यात आधीपासून नसतो. दाणा थंड पाण्यात वाटला की त्यातले एक विकर तेलावर काम करू लागते आणि वास तयार होतो. वाटतानाच उकळते पाणी घातले तर ते विकर निकामी होते. इतकी साधी गोष्ट!

चीन, जपान, जावा इकडचे लोक सोयाबीन फारसे डाळीसारखे खात नाहीत. ते त्याचे दूध काढून पनीर करतात, तोच टोफू. जपानमध्ये त्याची सर्वांत जुनी लेखी नोंद ११८३ सालची, नारा येथील एका देवस्थानातली आहे. तिथल्या बौद्ध विहारांच्या मांसविरहित जेवणात त्याला मोठे स्थान आहे. चिनी लोकांबरोबर तो जावा बेटावर गेला आणि तिथे त्याला 'ताहू' म्हणू लागले. आज जाकार्ताच्या रस्त्यावर हातगाडीवाले 'केतोप्राक' नावाचा पदार्थ विकतात. तळलेला ताहू, तांदळाच्या वड्या, मोड आलेले मूग आणि वरून शेंगदाण्याचा दाट रस्सा. रश्श्यात काय असते? शेंगदाणे, लसूण, मिरची, गूळ, चिंच. मित्रहो, ही यादी जावाची आहे की आपल्या फडताळाची, सांगा बरे! त्यांचा गूळ ताडाच्या जातीच्या झाडांचा असतो आणि वरून ते सोयाबीनचा गोड काळा रस घालतात, एवढाच फरक. आपण उसाचा गूळ थोडा वाढवला की भागते.

आता कृती. चार माणसांसाठी पाव किलो सोयाबीन रात्री भिजत घाला. थंडीत दहा-बारा तास लागतात. सकाळी चोळून साले जातील तेवढी काढा. मिक्सरमध्ये थोडे थोडे घेऊन उकळत्या पाण्याबरोबर बारीक वाटा. झाकण हाताने घट्ट धरू नका, वाफेला थोडी वाट ठेवा. माझा हात एकदा भाजला आहे. एकूण पाणी दोन लिटरपर्यंत जाते. जुन्या सुती धोतराच्या फडक्यातून पिळून दूध काढा आणि मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवा. ते गाईच्या दुधापेक्षा लबाड असते, फेस चढून क्षणात उतू जाते, म्हणून पातेले अर्धेच भरावे. उकळी आल्यावर मंद आचेवर दहा मिनिटे ढवळत ठेवा. इथे घाई नको. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा एक घटक असतो, तो उकळल्यानेच जातो.

गॅस बंद करून तीन-चार मिनिटे थांबा. मग तीन लिंबांचा रस अर्ध्या वाटी पाण्यात मिसळून तीन वेळा थोडा थोडा घाला आणि दर वेळी हलकेच एकदाच ढवळा. पहिल्यांदा मी उकळत्या दुधात सगळा रस एकदम ओतला होता, त्याचा भुगा झाला. पंधरा मिनिटांनी पिवळसर पाणी वेगळे दिसते. फडक्यात ओतून वर पाट आणि पाटावर पाण्याची कळशी ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात सुमारे चारशे ग्रॅमची वडी मिळते. पिळून उरलेला चोथा टाकू नका, ज्वारीच्या पिठात मिसळून थालीपीठ चांगले होते.

रश्श्यासाठी शंभर ग्रॅम शेंगदाणे खरपूस भाजा. दोन-तीन सुक्या मिरच्या गरम पाण्यात भिजवून, चार लसूण पाकळ्या, सुपारीपेक्षा थोडा मोठा गुळाचा खडा, चिंचेचा कोळ व मीठ घालून वाटा. अगदी गुळगुळीत नको. कपभर पाणी घालून कडेला तेल दिसेपर्यंत शिजवा. वड्यांचे तुकडे तव्यावर थोड्या तेलात तांबूस परता, रस्सा ओता, वर मोड आलेले मूग. भाताबरोबर किंवा भाकरीबरोबर. दूध, तूप, काहीच नाही. हल्ली याला वीगन म्हणतात.

माझ्या वहीतला हिशेब: सोयाबीन १८ रुपये, शेंगदाणे १५, लिंबे १२, गूळ, चिंच, तेल वगैरे १५. एकूण ६०, गॅस वेगळा. म्हणजे माणशी पंधरा रुपये, आणि प्रथिने माणशी वीस ग्रॅमच्या आसपास. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम लागतात. शहरात टोफूचे तयार पाकीट मिळते, पण ते पनीरच्याच भावात, वसतिगृहातल्या मुलाच्या खिशाला परवडणारे नव्हे.

दोन गोष्टी लपवत नाही. एक, लिंबाने फाडलेल्या टोफूत दुधाएवढे कॅल्शियम नसते, त्यासाठी नाचणी आणि तीळ हवेत. दोन, ब-१२ जीवनसत्त्व यात नाही. जे दूध-अंडीही सोडतात त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. आणि ज्यांना शेंगदाणा किंवा सोयाबीन सोसत नाही, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

गेल्या दिवाळीत वहिनींच्या ओसरीवर हे करून दाखवले. पहिली वडी भावाने खाल्ली, दुसरी मागितली. वहिनींनी चव घेऊन सांगितले, "मिरची कमी पडली भाऊजी." या वर्षी त्यांनी एक पोते घरी ठेवले आहे.

मागच्या टेबलावर चाळीस वाट्या भरून ठेवल्या आहेत. मिरची वहिनींच्या मापाने घातली आहे, तेव्हा आधी थोडेच घ्या. ज्यांना कृती लिहून हवी, त्यांनी माझ्याकडे वही आणावी.