विदूषक माशाच्या पिलांचे संगोपन


प्रवाळखडकांवरील शोभिवंत माशांची लूट कमी व्हावी, म्हणून तमिळनाडूत मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशाची पैदास साध्य केली. खडकाला चिकटलेल्या अंड्यांवर नर परांनी पाणी हालवितो व मेलेली अंडी वेचून काढतो. सातआठ दिवसांनी, अंधार पडल्यावर, अंडी फुटतात. पिलू जेमतेम 4 मिलिमीटरचे, तोंड इवलेसे. प्रारंभी त्यास रोटिफर हे जिवंत सूक्ष्म जीवच लागतात आणि त्यांच्यासाठी हिरवे शैवाल आधी वाढवावे लागते. पिले जन्मल्यावर अन्नासाठी धावाधाव करणाऱ्याची टाकी थोड्याच दिवसांत ओस पडते. संगोपनाचा आरंभ जन्मापूर्वीच होतो, हा निसर्गपाठ विद्यार्थ्यांस अवश्य सांगावा.