पालकवर्गाचे मोजमाप : इमान आणि कसब

(तालुका शिक्षक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या शाळांतून पालकांच्या सभा भरतात, माता-पालकांचे मेळावे होतात. २०२२ साली राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचे अभियान झाले, तेव्हा पहिलीत येणाऱ्या मुलांच्या मातांचे गटही गावोगाव तयार झाले. अशी सभा आटोपली म्हणजे आपण अहवाल लिहितो. त्यात तारीख असते, विषय असतो, उपस्थितांची संख्या असते, आणि अखेरीस 'पालकांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' हे ठरीव वाक्य असते. मला आज बोलावयाचे आहे ते ह्या अहवालात जे नसते त्याविषयी. जे सांगावयाचे ठरले होते ते सांगितले गेले काय, आणि सांगणाऱ्याने ते कशा रीतीने सांगितले, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या कोणत्याही नोंदवहीत सापडत नाहीत.

हे प्रश्न केवळ कागदाचे नव्हेत. जी बाई अर्ध्या दिवसाचा रोज बुडवून, कडेवरच्या मुलास घेऊन आपल्या ओसरीवर येऊन बसते, तिला तेथून काही घेऊन जाता आले पाहिजे. ते न मिळाल्यास पुढील महिन्यात ती येत नाही, आणि मग आपणच म्हणतो की गावातील पालक उदासीन आहेत.

प्रथम पालकवर्ग कशास म्हणावे ते थोडक्यात सांगतो. मान्यवरांचे भाषण म्हणजे पालकवर्ग नव्हे. दहा-पंधरा पालक दर आठवड्यास एकत्र बसतात. मुलाबरोबर खेळावे कसे, त्याच्या चांगल्या वागण्याची दखल घ्यावी कशी, घरातील नियम कसे लावावेत, हात न उगारता वळण कसे लावावे, हे बोलून, करून पाहून शिकतात. घरी जाऊन त्याचा प्रयोग करतात आणि पुढील खेपेस काय घडले ते सांगतात. हा वर्ग जो चालवितो त्यास आपल्या प्रशिक्षणांतून रूढ झालेल्या शब्दाने आपण सुलभक म्हणू. उद्या हे काम शिक्षकाकडे, अंगणवाडी सेविकेकडे किंवा गावातील एखाद्या शिकलेल्या मुलीकडे येईल. काही ठिकाणी ते आलेही आहे.

सुलभकाच्या कामाचे मोजमाप दोन अंगांनी करावयाचे असते. एक इमान, म्हणजे आराखड्यात जे ठरले आहे ते न वगळता पार पाडले काय. दुसरे कसब, म्हणजे ते करताना माणसांशी वागणूक कशी होती. ह्या शास्त्राच्या अभ्यासकांनी आणखीही अंगे सांगितली आहेत. डेन आणि श्नायडर ह्या दोघांनी १९९८ साली पाच मोजली होती : आराखड्याचे पालन, दिलेली मात्रा, कामाची प्रत, ऐकणाऱ्यांचा सहभाग, आणि हा कार्यक्रम इतरांपासून वेगळा राहिला किंवा कसे. परंतु खेड्यातील शाळेच्या कामापुरती दोन पुरेत. ही दोन एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, एवढे मात्र नीट ध्यानात घ्यावे. पुस्तिकेतील अक्षरन् अक्षर वाचून दाखविणारा सुलभक इमानी असतो, पण त्याच्यापुढे बसलेल्या बायका जांभया देत असतात. उलट एखादा असा रंगेल वक्ता असतो की सभा हसून लोटपोट होते, आणि ज्या गोष्टीसाठी ती बोलाविली ती गोष्ट मात्र राहून जाते. माझ्या मते ह्या दोघांतील दुसरा अधिक फसवा, कारण त्याची सर्वत्र वाहवा होते.

कसबावर किती अवलंबून असते, ह्याचे एक उदाहरण अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचे आहे. तेथे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या कुटुंबांबरोबर काम करण्याची एक ठराविक पद्धत न्यायालयांमार्फत अमलात आणली गेली. ती कुटुंबाच्या उपचाराची पद्धत आहे, आपल्या अर्थाने पालकवर्ग नव्हे. पण मुद्दा तोच. २००४ साली त्या राज्याच्या धोरण-संशोधन संस्थेने हिशेब मांडला. ज्या कार्यकर्त्यांनी ती पद्धत कुशलतेने राबविली होती, त्यांच्या हाताखालील मुलांत पुन्हा गंभीर गुन्हा करण्याचे प्रमाण ३८ टक्क्यांनी घटले. ज्यांना ती पद्धत नीट साधली नव्हती, त्यांच्याकडील मुलांना काहीच लाभ झाला नाही. ज्यांना ही मदत मिळालीच नव्हती अशा मुलांपेक्षा त्यांचा आकडा किंचित चढाच निघाला. पद्धत एक, पुस्तिका एक, राज्यही एक. दोन्ही गटांची सरासरी काढून कोणी म्हणाला असता की ह्या पद्धतीत फारसा दम नाही, तर ते आकड्यांना धरून झाले असते आणि तरीही खोटे ठरले असते. कार्यक्रम निकामी आहे की कार्यक्रम झालाच नाही, हे कळण्यास सुलभकाचे काम मोजण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

आता प्रत्यक्ष पालकवर्गांकडे वळू. सिएटल येथील कॅरोलिन वेब्स्टर-स्ट्रॅटन ह्या विदुषींनी तयार केलेला पालकवर्ग ब्रिटनमधील वेल्स प्रांतात चालविला गेला. वेल्समधील ११ भागांतील १५३ कुटुंबे त्या प्रयोगात होती, मुले तीन-चार वर्षांची होती, आणि त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. बँगोर विद्यापीठातील मंडळींनी तेथे आणखी एक गोष्ट केली : वर्ग चालू असताना चित्रफिती घेतल्या आणि सुलभकाच्या वागणुकीची नोंद करण्याचे एक साधन बनविले. पालकाच्या प्रयत्नास शाबासकी देणे, पालकाचेच म्हणणे आपल्या शब्दांत त्यास परत मांडून दाखविणे, अशा लहान लहान गोष्टी त्यात मोजल्या जात. २००९ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, सुलभकाच्या अशा वागण्यावरून पालकांच्या वागण्यात किती बदल होईल ह्याचा अदमास लागतो, आणि पालकांच्या बदलावरून मुलांच्या.

ह्या साखळीवर थोडे थांबणे अगत्याचे आहे. सुलभक जसे पालकाशी वागतो तसे पालक मुलाशी वागू लागतो. वर्गात आपण आईस सांगतो, 'मुलास सर्वांदेखत टाकून बोलू नये'. आणि त्याच सभेत उशिरा आलेल्या आईस सर्वांदेखत टाकून बोलतो. ह्यातले कोणते वाक्य ती घरी घेऊन जाईल, हे मी शिक्षकांच्या सभेत सांगावयास नको.

दक्षिण आफ्रिकेतील उदाहरण आपल्या परिस्थितीस अधिक जवळचे आहे. केपटाऊनजवळच्या खायेलित्शा आणि न्यांगा ह्या गरीब वस्त्यांत दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी बारा बैठकींचा वर्ग बसविण्यात आला. त्याचे नाव 'सिनोवुयो'. खोसा भाषेत ह्याचा अर्थ 'आमच्याकडे आनंद आहे' असा होतो. २९६ पालकांवरील त्याची चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. सुलभक म्हणून मानसशास्त्राचे पदवीधर नेमले नव्हते. वस्त्यांत काम करणारी साधी माणसेच शिकवून तयार केली होती. ह्या मालिकेतील वर्ग पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने अनेक देशांत गेले, आणि त्यांच्यासाठी सुलभकाचे काम जोखण्याची एक स्वतंत्र पत्रिका तयार झाली. निरीक्षक तीत दोन प्रकारचे गुण देतो. घरच्या प्रयोगाची चर्चा, चित्रकथेवरील चर्चा आणि प्रसंग करून पाहण्याचा सराव, ही कामे कशी पार पडली हा एक प्रकार. आणि सुलभकाने स्वतःच्या वागण्यातून उदाहरण घालून दिले काय, सर्वांना बोलते केले काय, पालकांस बरोबरीने वागविले काय, बैठकीची सूत्रे हाती ठेवली काय, हा दुसरा.

पालक बोलला की सुलभकाने काय करावे, ह्यासाठी त्या वर्गांत चार पायऱ्या शिकवितात. त्यांना मी मराठीत स्वीकार, शोध, सांधा आणि सराव म्हणतो. समजा, एक आई म्हणाली, 'तुम्ही सांगितले म्हणून मी रोज थोडा वेळ मुलाशी खेळायला बसले, पण सासूबाई म्हणाल्या, कामे सोडून हे काय खूळ.' आपल्यातील पुष्कळजण येथे लगेच उपाय सांगून मोकळे होतील, किंवा सासूबाईंच्या अज्ञानाविषयी दोन शब्द बोलतील. कसबी सुलभक प्रथम तिचे म्हणणे तसेच्या तसे स्वीकारतो : 'घरातले बोलणे ऐकूनही तुम्ही बसलात, हे सोपे नव्हते.' मग शोध घेतो : खेळ कोणत्या वेळी मांडला होता, मूल काय करीत होते, त्या वेळी चुलीवर काय होते. नंतर सांधा जोडतो : हाच अनुभव आणखी कोणाचा आहे काय, आणि मुलाबरोबर वेळ घालविण्याचे जे तत्त्व आपण घेतले त्यात हे कोठे बसते. शेवटी सराव : एकजण सासू होते, एकजण सून, आणि तेथेच तो प्रसंग करून पाहतात. कदाचित भाकरी थापताना मुलाच्या हाती पिठाचा गोळा देणे हाही खेळच आहे, हे त्या आईसच सुचते. ह्या साऱ्यास सात-आठ मिनिटे लागतात. निरीक्षकास ह्यातील कोणती पायरी गाळली गेली ते स्वच्छ दिसते, आणि बहुधा गाळली जाते ती सरावाची, कारण प्रौढ माणसांस सोंग आणण्याचा संकोच वाटतो.

येथे एक रास्त शंका निघते. परक्यांनी केलेला आराखडा जसाच्या तसा पाळावयाचा, तर आपल्या गावाची रीत, बोली, गोष्टी ह्यांचे काय? उत्तर असे की, गोष्ट बदलावी, सराव गाळू नये. खोसा मातांच्या वर्गातील गाणी आपल्याला कशास हवीत? आपल्याकडे ओव्या आहेत. परंतु 'वेळ कमी होता' म्हणून घरच्या प्रयोगाची चर्चा सोडली, तर ते स्थानिक वळण नव्हे. ती काटछाट झाली. इमान मोजणाऱ्याने बाह्य रूपाचा आग्रह धरू नये आणि गाभ्याबाबत सवलत देऊ नये. गाभा कोणता, हे आराखडा करणाऱ्याने आरंभीच लिहून देणे हे त्याचे कर्तव्य आहे. ते न देता सुलभकास दोष देणे अन्यायाचे होईल.

मोजावे कोणी? सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सुलभकानेच आपली पत्रिका भरावी. त्याचा उपयोग नाही असे नाही, स्मरण राहण्यास तो चांगला. पण स्वतःस दिलेले गुण बाहेरच्या निरीक्षकाने दिलेल्या गुणांपेक्षा सढळ असतात, असा सर्वत्र अनुभव आहे. म्हणून दुसरे डोळे हवेत, आणि तेही जुळलेले हवेत. एकाच उत्तरपत्रिकेस एक परीक्षक ६० व दुसरा ३५ गुण देत असेल, तर त्यात दोष विद्यार्थ्याचा नव्हे. ह्यासाठी निरीक्षकांनी एकच बैठक वेगवेगळे बसून तपासावी आणि गुण ताडून पाहावेत, जुळेपर्यंत चर्चा करावी, आणि मगच कोणाच्या वर्गावर जावे.

नॉर्वे देशाने ह्या बाबतीत दाखविलेली चिकाटी घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील ओरेगॉन येथे जेराल्ड पॅटरसन आणि मॅरियन फॉरगॅच ह्यांनी विकसित केलेली पालक-शिक्षणाची पद्धत त्यांनी १९९९ पासून देशभर नेण्यास आरंभ केला. कामाच्या चित्रफिती पाहून तज्ज्ञ १ ते ९ असे गुण देतात : विषयाचे ज्ञान, बैठकीची बांधणी, शिकविण्याची हातोटी, माणसांशी वागण्याचे कौशल्य, आणि एकंदर परिणाम. पहिली तुकडी मूळ गुरूंनी शिकविली, दुसरी त्या तुकडीने, तिसरी पुढच्यांनी. दुसऱ्या तुकडीत गुण थोडे घसरले, तिसरीत ते पुन्हा पहिलीच्या पातळीस आले. हे २०११ साली प्रसिद्ध झाले. राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा उतरंडीने खाली येणारी प्रशिक्षणे आपण सर्वांनी घेतली आहेत, आणि तळाच्या मडक्यात किती पाणी पोहोचते तेही आपण जाणतो. नॉर्वेत घसरण थांबली, कारण ती मोजली जात होती.

मात्र मोजण्याची आपल्याकडील रीत म्हणजे तपासणी, आणि तपासणीच्या दिवशी शाळा कशी असते ते मी येथे वर्णन करीत नाही. निरीक्षणाचे गुण वेतनवाढीस, गोपनीय अहवालास किंवा बदलीस जोडले गेले, की त्याच दिवशी ते गुण खोटे होऊ लागतील. ते सुलभकाच्या हाती परत जावेत, त्याच आठवड्यात, त्याच्याशी बसून, एक जमलेली आणि एक सुधारावयाची गोष्ट सांगून. म्हणजे सुलभक स्वतःच निरीक्षकास बोलावील. अधिकारीवर्ग येथे उपस्थित आहे म्हणून हे मुद्दाम बोललो.

आपल्या केंद्रात एक प्रयोग करता येईल. शेजारच्या दोन शाळांतील शिक्षकांनी पुढील महिन्यात एकमेकांच्या पालकसभेस जाऊन मागच्या ओळीत बसावे. हाती घड्याळ आणि एक कोरा कागद असावा. शिक्षक किती मिनिटे बोलला आणि पालक किती मिनिटे. वेगवेगळे किती पालक बोलले. मागील सभेत ठरलेल्या गोष्टीची चौकशी झाली काय. काही करून पाहिले की केवळ ऐकले. कोणाच्या प्रयत्नाचे नाव घेऊन कौतुक झाले काय. एवढेच टिपावे. सभा सुटल्यावर तो कागद ज्याची सभा होती त्याच्या हाती द्यावा, आणि त्याची प्रत कार्यालयाकडे पाठवू नये.